झेंडी परत द्यायची

परवा गॅरेज आवरताना झेंड्यांची जुनी पिशवी सापडली, वेल्क्रोचा टर्रकन आवाज झाला आणि हेन्डरसन पार्कचं ते ओलं मैदान आठवून माझं डोकं पुन्हा तापलं. लेकीच्या फ्लॅग फुटबॉल टीमची, म्हणजे धक्काबुक्की नसलेल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमची, मी कोच होते. सगळी सहा-सात वर्षांची पोरं. पळणाऱ्याच्या कमरेला वेल्क्रोने चिकटवलेली झेंडी ओढली की त्याने थांबायचं आणि ओढणाऱ्याने ती त्याच्या हातात परत द्यायची, हा मी शिकवलेला पहिला नियम. त्या शनिवारी आमच्यातल्या एका चिमुरडीने पहिल्यांदाच झेंडी ओढली आणि हसत परत द्यायला निघाली, तोच तिचा बाप कडेवरून मराठीत ओरडला, "देऊ नकोस! लांब फेक, शोधत बसू दे त्याला!" त्याचा हिशोब सरळ होता: रेफरीला मराठी कळत नाही, आणि कोच काय, आपलीच आहे, ती कशाला बोलतेय! पोरगी झेंडी मुठीत धरून थिजली. "मूर्ख, ऐकू येत नाही का?" बाप पुन्हा तिच्यावर खेकसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खेळ थांबवून मी तरातरा त्याच्यासमोर गेले आणि मराठीतच म्हणाले, "अजून एक शब्द बोललात तर मैदानाबाहेर काढीन." "अहो ताई, आपल्याच टीमसाठी बोलत होतो," असं पुटपुटत तो गाडीत जाऊन बसला. पोरीने झेंडी परत दिली. मॅचनंतर मी संत्र्याच्या फोडी वाटत होते, तेव्हा तिने माझं जॅकेट ओढलं आणि त्या गाडीकडे बघत हळूच विचारलं, "कोच, कॅन यू कम होम विथ अस?" मी तिला त्या गाडीपर्यंतच सोडून आले; परवा ती पिशवी टाकून न देता पुन्हा फळीवर ठेवली.