नांगराच्या यंत्राचे अण्णा

नव्वदच्या दशकात कन्नड मुलखातल्या आमच्या बोम्मसंद्राच्या कारखान्यात बोटीचा नांगर वर ओढणारी विजेची यंत्रं बनत. त्यांचं वायरिंग करणाऱ्या चामराजपेटच्या मराठी घरातल्या गृहस्थांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण खाऱ्या हवेबद्दल ते सासुरवाडीबद्दल बोलावं तशा तक्रारीच्या सुरात बोलत.

एकदा एक यंत्र बटण दाबलं की नुसतं टक् करायचं, फिरायचं नाही. अण्णा वायरी तपासत होते. साखळी अडकली असेल म्हणून मी तिच्या चाकात बोटं घातली. तेवढ्यात मॅनेजर गिऱ्हाइकाला घेऊन आले आणि कौतुकाने त्यांनी बटणच दाबलं. मी डोळे गच्च मिटले. यंत्र गप्प राहिलं.

"काय हे, अण्णा?" मॅनेजर कन्नडमध्ये गरजले.

अण्णांनी फ्यूज आधीच काढून खिशात टाकला होता. तो खिसा हाताने झाकत ते म्हणाले, "स्वल्प थांबा, सर. माझीच वायर सैल राहिली."

मग माझ्याकडे वळून, मॅनेजरना कळू नये म्हणून मराठीत पुटपुटले, "डोळे उघड. आणि हात काढ की रे आता, गिऱ्हाइकाला वाटेल, तोही यंत्राबरोबर मिळतो."