छत्रीखालची गल्ली

जुन्या नांदेडात आमच्या कापड दुकानासमोर एक मॅडम दर रविवारी भर उन्हात छत्री धरून उभ्या राहायच्या. छत्री डोक्यावर नसे, फोनवर असे. उन्हात पडदा नीट दिसत नाही म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून म्हणायच्या, "जरा बघता का? एकच मिनिट, हाव ना?" फोन गल्लीकडे धरला की शटरांच्या जागी जुन्या लाकडी कमानी आणि सज्जे दिसायचे. त्या कॉलेजात शिकवायच्या. जुन्या फोटोंवरून हे सगळं त्यांनीच फोनात बसवलं होतं.

शेजारचे बांगडीवाले चाचा एकदा चिडले. "मॅडम, तुमच्या फोनातली गल्ली लई देखणी हाय. पर लोकं फोन बघून निघून जाऊन राहिले. आमच्या दुकानात कोण येतंय?"

त्या छत्री मिटून निघून गेल्या. मला वाटलं, आता काही येत नाहीत. पण पुढच्या रविवारी आल्या आणि चाचांना म्हणाल्या, "आता चित्र फक्त तुमच्या ओट्यावर चढल्यावरच दिसतं."

लोक ओट्यावर चढू लागले आणि चित्र बघून झालं की बांगड्याही बघू लागले. महिन्याभराने चाचांनी दुकानावरचा भला मोठा बोर्ड स्वतःच उतरवला. मागे धुळीने माखलेली खरी कमान होती. मॅडमनी फोन पर्समध्ये टाकला आणि माझ्याकडे फडकं मागितलं.