बघ्यांचा पंच

"सावली उचला," एवढंच म्हणायचे चाचा. म्हणताना अंगठा आणि तर्जनी जुळवून कॅरम बोर्डाच्या कडेवरून मेलेली माशी उचलावी तशी ती सावली चिमटीत धरायचे आणि हवेतच बाजूला ठेवून द्यायचे. ज्याची सावली असे तो माणूस ओशाळून एक पाऊल मागं सरायचा. मीही सरलेलो आहे. माझी सावली तशी किरकोळच, पण चाचांच्या चिमटीतून तीही सुटली नाही.

दारव्ह्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चाचा फिटर होते आणि मी तिथला हजेरी बाबू. त्यांचं नाव मी रोज हजेरीपटावर लिहायचो, पण तोंडानं कधी घेतलं नाही. तेव्हा इथंही घेत नाही. उंच, थोडे वाकलेले, दाढीला मेंदी, आणि भुवयांत कायम रुईचे तंतू अडकलेले. कितीही झटकलं तरी ते तंतू जायचे नाहीत, आणि नंतर नंतर तर भुवयाच इतक्या पांढऱ्या झाल्या की रुई कुठली आणि केस कुठले ते कळेनासं झालं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. एरवी दिवाळीपासून होळीपर्यंत धडधडणारं आमचं जिनिंग संक्रांतीच्या आतच गप्प व्हायचं. कापसाच्या गाड्या यायच्या थांबल्या तरी माणसं सवयीनं येत राहिली. घरी बसून करणार काय? घरात बसलेल्या माणसाला घरचे काही विचारत नाहीत, आणि ते न विचारणंच फार अंगावर येतं. मग कोणीतरी रिकाम्या शेडमध्ये कॅरम बोर्ड आणून ठेवला. आधी वेळ घालवायला म्हणून खेळ सुरू झाला आणि बघता बघता दर रविवारी दुपारी सामने भरायला लागले. शेठनं परवानगी दिली ती एका अटीवर. भांडण झालं की शेडला कुलूप.

आता आमचे बघे म्हणजे सगळे शंकरपटावर तयार झालेले. तिथं बैल पळतात तेव्हा शिट्ट्या मारायच्या, उपरणी फिरवायची, घसा बसेपर्यंत ओरडायचं. कॅरमची सोंगटीही ओरडलं की जोरात पळते, असाच त्यांचा समज असावा. पहिल्याच रविवारी दोघं जण खेळत होते आणि पन्नास जण खेळवत होते. एकानं तर उत्साहात स्वतःच बोट पुढं करून सोंगटी कुठून मारायची ते बोर्डावर टेकवून दाखवलं. हाणामारी होता होता राहिली.

दुसऱ्या रविवारी चाचा उभे राहिले. ते स्वतः खेळायचे नाहीत. कधीकाळी यंत्रात सापडून उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झालेली, त्यांच्यानं स्ट्रायकर नीट सुटायचा नाही. खेळणाऱ्यांचा पंच मी होतो. बघ्यांचा पंच ते आपण होऊन झाले. एक हात लांब उभं राहायचं. खिशातल्या शेंगा खिशातच ठेवायच्या. शिंक आली तर दाराबाहेर जाऊन यायची, कारण बोर्डावरची पावडर उडते. स्ट्रायकर पुरता थांबल्याशिवाय वाहवा करायची नाही. आणि पाहणाऱ्यानं खेळणाऱ्याला काही सुचवायचं नाही. जो सुचवेल तो ज्याच्या बाजूनं बोलला त्याची पाळी गेली, असा दंडच त्यांनी ठरवला होता.

एक नियम मात्र मी इतर कुठंच ऐकलेला नाही. डाव संपला की हरलेल्याच्या तोंडाकडं लगेच पाहायचं नाही. बोर्डाकडं पाहायचं, पावडर पुसायची, सोंगट्या गोळा करायच्या. मी एकदा त्यांना विचारलं की हे कशासाठी. चाचा म्हणाले, "त्याले त्याचं तोंड सावरू द्या ना बाबू. मंग पाहा." त्या वर्षांत आमच्या भागात बाहेरगावचे लोक यायचे, शेतकऱ्यानं जीव दिलेल्या घरांत जायचे आणि माणसांच्या तोंडाकडं टक लावून पाहायचे. चाचांनी त्याच्याशी हे जोडून कधी सांगितलं नाही. मीच आपला जोडतो.

एका रविवारी तालुक्याचे कुणीतरी साहेब गाडी थांबवून शेडमध्ये आले. वरच्या बल्बच्या अगदी खाली येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले, तशी अर्ध्या बोर्डावर अंधार पडला.  चाचा शांतपणे पुढं गेले आणि साहेबांची सावली चिमटीत उचलली. साहेब आधी चाचांकडं, मग बोर्डाकडं पाहत राहिले आणि मुकाट्यानं मागं सरले. जाताना ते माझ्याशी हसून बोलले, त्यावरून मी पुढं महिनाभर त्यांची ओळख असल्यासारखा वागत होतो.

सगळ्यात देखणा प्रकार व्हायचा तो भरदुपारी वीज गेल्यावर, आणि वीज तर रोजच जायची. आमच्या शेडला खिडकी नाही, दाराशी माणसांची भिंत. बल्ब गेला की आत काळोख. अशा वेळी कोणी सोंगटी सरकवली तर कुणाला कळणार? चाचांनी रीत घालून दिली. वीज गेली की सगळ्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि दारातल्यांनी फाकून उजेड आत येऊ द्यायचा. हमाल, ऑटोवाले, तांड्यावरचे म्हातारे, सगळे शाळेतल्या पोरांसारखे पाठीला हात बांधून उभे. एकदा वीज तासभर आली नाही. तासभर कोणी हात सोडले नाहीत, आणि बोर्डावर सोंगट्या जशा होत्या तशाच होत्या.

आता त्यांची एक खोड सांगतो. शांतता राखणारा हा माणूस शेडमधला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस होता. "जरा हळू" हे ते अशा आवाजात म्हणायचे की बाहेर बांधलेली बकरी उठून उभी राहायची. जिनिंगवाल्यांना याचं काही वाटत नाही. यंत्रं चालू असली की आम्ही सगळेच ओरडून बोलतो आणि घरी जाऊनही बायकोला मीठ मागतो ते ओरडूनच. पण चाचांचं तेवढंच नव्हतं. हजेरी घेताना मी मागून हाक मारली तर ते वळायचे नाहीत. समोरून मारली तर माझ्या ओठांकडं पाहायचे. आणि फिटरचं काम तर कानाचं. बेअरिंग बोलायला लागलं की फिटरनं ते ऐकायचं असतं. चाचा यंत्राला तळहात लावून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, केवढा जाणकार.

मी एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, यवतमाळला सरकारी दवाखान्यात कान दाखवून या, मी रजा मांडतो. त्यांनी आधी इकडं तिकडं पाहिलं. "दाखवलं का कागद बनन, बाबू. कागद बनला का शेठले समजन. अन् शेठ म्हनते, पुढच्या हंगामाले अर्धेच मानसं बोलावतो, धडधाकट असन तेच. मले दुसरं काम येत नाई." मग म्हणाले, "तुमी कोनाले सांगू नोका." मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून शेठ आणि चाचा एका जागी दिसले की मी हजेरीपट घेऊन मधे घुसायचो.

आणि त्या वर्षीच्या बक्षिसाच्या सामन्याला शेठ स्वतः येऊन बसले. बक्षीस त्यांनीच ठेवलं होतं, एक छताचा पंखा. खेळाडू दोन. आमचा हमाल देवसिंग, तांड्यावरचा, चाचांचा जुना सोबती. आणि दारव्ह्याच्या बाजारातला एक शिंपी, हात असा हलका की स्ट्रायकर सरकतोय का तरंगतोय कळू नये. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चाचांनी सगळ्यांना एक हात मागं सारलं आणि स्वतः देवसिंगच्या समोर, शिंप्याच्या पाठीमागं उभे राहिले.

निकालाचा डाव आला. देवसिंगच्या दोन पांढऱ्या शिल्लक, शिंप्याची एक काळी, आणि राणी मधेच. एक पांढरी खिशाच्या तोंडाशी बसलेली, फुंकर मारली तरी जाईल अशी. देवसिंग बराच वेळ स्ट्रायकर इकडून तिकडं सरकवत राहिला. 

"राणी राहू दे. पांढरी घे."

आवाज चाचांचा होता. ते मनातल्या मनात बोलले होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. ओठ जेमतेम हलले. पण आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत गेला. देवसिंगचा हात थांबला. सगळे थिजले. आणि मग जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. चाचांनी आमची तोंडं पाहिली, कोणीतरी नियम मोडला आहे हे त्यांना कळलं, आणि ते रागानं मान वळवून बघ्यांमध्ये अपराधी शोधायला लागले.

"कोन बोललं?" त्यांनी विचारलं.

कोणी हसलं नाही. कोणी त्यांच्याकडं बोट केलं नाही. पन्नास-साठ माणसांनी एकदम मान खाली घातली आणि सगळे बोर्डाकडं पाहत राहिले. पंच मी. देवसिंगची पाळी गेली असं सांगायचं, तर का गेली हे शेठसमोर सांगावं लागणार होतं. मी शिंप्याकडं पाहिलं. तक्रार करायचा हक्क त्याचा. तो शांतपणे बोटांना पावडर चोळत होता. मी पक्का भित्रा माणूस, मी उरलेल्या सोंगट्याच पुन्हा मोजायला लागलो.

सोडवणूक केली देवसिंगनं. त्यानं स्ट्रायकर उचलला, खिशाच्या तोंडाशी बसलेल्या पांढरीकडं पाहिलंही नाही, आणि अवघड कोनातून राणीवर मारला. राणी कडेला लागून परत आली. पुढच्या पाळीत शिंप्यानं आधी राणी घेतली, मग त्याची काळी, आणि डाव संपला. नंतर देवसिंगनं मला सांगितलं की तो मुळात पांढरीच घेणार होता. पण तो आवाज ऐकल्यावर पांढरी घेणं त्याला शक्यच नव्हतं.

टाळ्या संपल्या आणि शेठनं मला खुणेनं जवळ बोलावलं.  चाचांची नोकरी आता माझ्यासमोर जाणार, असं धरूनच मी गेलो. शेठनं तोंड माझ्या कानाशी आणलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "मधातच सगळ्यांनी माना खाली काहून घातल्या होत्या? काही झालं काय?"

 हा माणूस लहानपणापासून बापाच्या जिनिंगमध्ये, यंत्रांच्या शेजारच्या खोलीत गादीवर बसलेला. त्याच्या लक्षातच काही आलं नव्हतं, कारण त्यालाही काही ऐकू आलं नव्हतं. "काही नाही शेठ," मी ओरडून म्हणालो, "डाव रंगला होता." ते खुशीत मान हलवून पंखा द्यायला उठले. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. अंगावरून केवढं ओझं उतरलं ते त्या नळालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना खरं सांगितलं. कापसाच्या गाठी ठेवायच्या रिकाम्या ओट्यावर समोरासमोर बसवून, ओठ दिसतील असं. सांगायलाच हवं होतं. नाहीतर पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं असतं.  त्यांनी एवढंच विचारलं, "सगळ्याइनं आयकलं?" मी म्हटलं, शेठ सोडून सगळ्यांनी. "अन् माह्याकडं कोनी पाह्यलं नाई?" नाही, कोणीच नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उगाच तिच्यावरची रुई वेचत बसले.

त्याच आठवड्यात ते यवतमाळला जाऊन आले. कागद झाला, कानात बसवायचं छोटं यंत्र मिळालं. पुढच्या हंगामात शेठनं माणसं अर्धीच बोलावली, पण यादी करताना कान कुणाचेच विचारले नाहीत. स्वतःचे निघाले असते म्हणून असेल. चाचांचं नाव मी यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं, ते तसंच राहिलं.

आता चाचा नाहीत. शेडही पाडली. पण यंत्र लावून ते पहिल्यांदा सामन्याला आले तो रविवार मला दिसतो. स्वतःचा आवाज कानात पहिल्यांदा शिरला तेव्हा ते स्वतःच दचकले होते, आणि तेव्हापासून फार जपून बोलायला लागले होते. डाव ऐन रंगात असताना ते माझ्या बाजूला सरकले, तोंडावर हात धरला आणि काहीतरी पुटपुटले. मग भुवया उंचावून माझ्याकडं पाहत राहिले.

"आयकू आलं काय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

चाचांनी डोळे मिटले, तोंड गच्च बंद ठेवलं, आणि आवाज न करता खांदे हलेपर्यंत हसले.