मिलिंद प्यायला नव्हता

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. सुजातापुढे — माझ्या बायकोपुढेही — नाही. तुमच्यापुढे का बोलतोय, तेही नीटसं सांगता येणार नाही.

मिलिंद नागपूरचा, मी नाशिकचा. अमेरिकेत, नेपरव्हिलला नवे आलो तेव्हा दोघं एकाच अपार्टमेंटमध्ये राहायचो. फर्निचर म्हणजे दोन गाद्या आणि एक इस्त्रीचं टेबल, जेवायचोही त्यावरच. काय दिवस होते ते! शनिवारी तो सावजी चिकन करायचा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो हसत म्हणायचा, "रडू नको बे, खा." माझे केसही तोच कापायचा, बाल्कनीत खुर्ची टाकून — वाकडेतिकडे. पुढे माझं लग्न झालं, घर वेगळं झालं, तरी बर्फ पडला की फावडं घेऊन हा माझ्या दारात हजर.

त्याने कधी दारूला हात लावला नाही. पंचशील तो नुसतं म्हणायचा नाही, पाळायचा. आपल्या लोकांच्या मुलांचा रविवारचा धम्मवर्ग तोच घ्यायचा. आणि मी? मी प्यायचो — लपून. थर्मासमध्ये कॉफी, कॉफीत व्हिस्की. हे एकट्या मिलिंदला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या कार्यक्रमाहून दुपारी परतत होतो. गाडी त्याची, चालवत होता तो. शेजारी मी, हातात थर्मास, झाकण उघडं. रस्त्यात बदकांची रांग आडवी आली. त्याने करकचून ब्रेक मारला, गाडी फुटपाथवर चढली आणि थर्मासमधलं सगळं त्याच्या शर्टावर सांडलं. मागेच पोलिसांची गाडी होती.

इथे गाडीत शेजारी बसून पिणंही गुन्हा; पोलीस खिडकीशी यायच्या आत मी थर्मास सीटखाली ढकलला. माझा गुन्हा हा म्हणू — की पुढचा?

मिलिंदच्या शर्टाला वास. त्याला एका पायावर उभं राहायला सांगितलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तोल गेला. नळीत फुंकायला सांगितलं. दम्यामुळे श्वास पुरेना, तर 'नकार दिला' असं लिहून घेतलं. मग पोलिसाने मला विचारलं, गाडीत कोण पीत होतं? मिलिंद माझ्याकडे बघत होता. मराठीत म्हणाला, "सांग ना बे त्याले."

मी म्हणालो, "आय डोन्ट नो, ऑफिसर."

एवढंच. त्याला बेड्या घालून नेलं. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा.

दोन दिवसांनी, सुटल्यावर, तो माझ्या घरी आला. सुजाता बाहेर गेली होती. "तू पोलिसांना खरं सांगशील ना?" त्याने विचारलं. मी म्हणालो, ग्रीनकार्डचा इंटरव्ह्यू होऊ दे. तो झाला. मग म्हणालो, सुजाताला दिवस गेलेत, तिला धक्का बसेल. तो थांबला. अटकेच्या दिवशीच त्याने स्वतःहून मागून घेतलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट जूनमध्ये आला — दारूचा थेंब नाही. केस रद्द. "आता बोलायची काय गरज?" असं मी त्याला म्हणालो. म्हणू शकलो!

तोवर वर्गाला मुलं येईनाशी झाली होती. अटकेची बातमी सगळ्यांना कळली, रिपोर्टची कुणाला हवी होती? "काहीतरी असल्याशिवाय पोलीस नेतात का?" एक काकू पालकांच्या बैठकीत म्हणाल्या. मिलिंदला थोडा ब्रेक द्यायचं ठरलं. मी मान हलवली. वर्ग मी घेईन, असंही मीच म्हणालो.

ऑगस्टमध्ये तो कायमचा दुसऱ्या राज्यात, कॅरीला निघाला. खोकी गाडीत भरायला मी गेलो होतो — का गेलो असेन? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नाही दिल्या. निघताना त्याने हात पुढे केला, ऑफिसातल्या माणसाशी मिळवतात तसा. आमच्यात ती पद्धत कधीच नव्हती.

मागच्या रविवारी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला वर्गाच्या कपाटात जुना फोटो सापडला.

"बाबा, हू इज धिस?"

"मिलिंदकाका. आधी तो शिकवायचा."

"व्हाय डिड ही लीव्ह?"

"जॉब," मी म्हणालो. ती फोटो ठेवून खेळायला पळाली.

जॉबसाठी नव्हता गेला तो. माझ्यामुळे गेला.