पाठकोऱ्या कागदांचे नाटककार

आप्पांना कोरा कागद सहन होत नसे. दोन्ही बाजूंनी पांढरा कागद पुढे आला की त्यांचं पेन अडायचं, कपाळावर घाम यायचा. "रफिक, कोरा कागद मन्हाकडे डोया वटारीसन देखस," ते मला सांगायचे. म्हणून त्यांची सगळी नाटकं पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेली. एका बाजूला सरकारी मजकूर, दुसऱ्या बाजूला तीन अंकी सामाजिक.

आप्पा ब्राह्मणपुरीच्या शेतकरी घरातले, सातपुड्यातल्या एका कचेरीत कारकून. शनिवारी जीपने घाट उतरून यायचे, तेव्हा पिशवी कागदांनी फुगलेली असे. कचेरीत साहेबांनी ज्या गठ्ठ्यावर 'रद्दी' असा शेरा मारला, तो आप्पांच्या लेखी साहित्याचा कच्चा माल. शहाद्यात आमचं वडिलोपार्जित बाइंडिंगचं दुकान आहे. आप्पांचं प्रत्येक नाटक मीच शिवलं, त्यामुळे ते कसं वाढतं हेही मीच पाहिलं.

वाढतं हाच शब्द खरा. इतर लेखक दुरुस्तीत काटछाट करतात, आप्पा भर घालत. पहिल्या खर्ड्यात नायिकेच्या डोळ्यांत नुसते 'अश्रू' असत. दुसऱ्यात ते 'उष्ण अश्रू' होत आणि तिसऱ्या खर्ड्यात 'उष्ण, मूक, अनाथ अश्रू'. मग आप्पा ओसरीवर उभे राहून तो प्रवेश मोठ्याने वाचत. काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, तांदूळ निवडता निवडता ऐकत आणि विचारत, "हाई असं कोनी बोलस का घरमा?" आप्पा म्हणत, "ही रंगभूमी आहे, घर नव्हे." नाटकाविषयी बोलताना ते प्रमाण मराठीत जात, जसे काही लोक देवळात जाताना चपला काढतात.

नटांनी मात्र त्यांचं कधी ऐकलं नाही. एका प्रयोगात खलनायकाला दीड पानाचं भाषण आठवेना. तो नायिकेला सरळ म्हणाला, "जाय, मरू दे. घर जाय तू." प्रेक्षकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. आप्पा विंगेत रडकुंडीला आलेले. "तुम्हीन मन्हं नाटक पाडं," असं म्हणून ते आठवडाभर त्या नटाशी बोलले नाहीत.

आप्पा निवृत्त झाल्यावर एका कॉलेजला अचानक त्यांचा शोध लागला. मराठीचे एक प्राध्यापक आले आणि म्हणाले, "आपली हस्तलिखितं हा वंचितांच्या वेदनेचा दस्तऐवज आहे. आम्ही आपल्या नावाचं दालन करतोय." त्यांनी आप्पांची ट्रंक उघडली, भिंग लावून खर्डे पाहिले. एका समासात 'साबण, तूरडाळ, वांगी' असं काकूंनी सांगितलेलं लिहून ठेवलं होतं. प्राध्यापकांनी त्यात लेखकाचं मानसिक द्वंद्व पाहिलं. आप्पांनीही नाकारलं नाही.

दालनात ठेवण्यासाठी पानांना क्रमांक घालायचं काम माझ्याकडे आलं. आप्पांच्या सर्वांत गाजलेल्या नाटकात जमीन गेलेली एक आदिवासी नायिका आहे. तिचं चार पानी स्वगत आहे: 'माझा हा आक्रोश या बधिर जगात कोणी वाचेल काय?' क्रमांक घालताना त्यातलं शिवण सुटलेलं एक पान उलटं पडलं. मागे तीन ओळींचा अर्ज होता. तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावरची जमनाबाई. ही जमीन आम्ही पिढ्यान् पिढ्या कसतो, ती आमच्या नावे करावी. खाली निळा अंगठा आणि कचेरीचा आवक शिक्का. प्रत नव्हे, मूळ अर्ज.

मी तो आप्पांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. मग खाली बसले. "हाई बाजू मी कधी वाचीच नही, रफिक."

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने वर गेलो. जमनाबाई जिवंत होत्या. त्यांचा मुलगा मराठी बोलणारा. जुना पुरावा नाही म्हणून त्यांचा दावा फेटाळला गेला होता, असं त्याने सांगितलं. आप्पांनी अर्ज काढला तेव्हा म्हातारीने शब्द पाहिले नाहीत, अंगठा ओळखला. मग तिने पान उलटलं आणि मागे काय आहे, असं विचारलं. आप्पांना लाज वाटली, पण लेखकाचा जीव. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मुलगा तिला तिच्या बोलीत सांगत होता. चारपाच ओळींनंतर तिने त्याला थांबवलं.

"आई विचारते, या बाईला काय पाहिजे?"

"जमीन," आप्पा म्हणाले.

"आई म्हणते, मग तसं सांगत का नाही ती?"



अर्ज पुरावा म्हणून चालायचा, तर तो इतकी वर्षं कुठे होता हे आप्पांना लेखी द्यावं लागणार होतं. म्हणजे स्वतःवर चौकशी ओढवून घेणं. प्राध्यापक धावत आले. "झेरॉक्स त्या बाईंना द्या. मूळ प्रत संग्रहात हवी, तिचं वाङ्मयीन मोल आहे." आप्पा पहिल्यांदाच त्यांच्यासमोर अहिराणीत बोलले, "मूळ तिन्हं शे, सर. मी तं तिन्हा पाठवर लिखं."

आप्पांनी जबाब दिला. एकही विशेषण नसलेलं त्यांचं ते पहिलं लिखाण. चौकशी लागली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि कॉलेजने कळवलं की जागेअभावी दालन पुढे ढकललं आहे. वर्षभराने जमनाबाईंचा दावा मंजूर झाला.

तोवर आप्पांनी ट्रंकेतलं पानन् पान उलटून वाचायला घेतलं होतं. आणखी अकरा मूळ अर्ज निघाले. कुणाचा विहिरीसाठी, कुणाचा नावातली चूक दुरुस्त करण्यासाठी. दर पंधरवड्याला ते एक कागद घेऊन घाट चढत, माणूस शोधत, गरज असेल तिथे जबाब लिहून देत. नाटकाचे अंक असे पाड्यापाड्यांत वाटले गेले. शिवायला माझ्याकडे पुन्हा काही आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आप्पा गेले. कॉलेजने 'शोषितांचा आवाज हरपला' असा फलक लावला. तिसऱ्या दिवशी डोंगरातून एक जीप भरून माणसं ब्राह्मणपुरीला आली आणि अंगणात बसली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने काकूंना विचारलं, "आप्पा काय काम करायचे?"

मला वाटलं, काकू नाटकांचं सांगतील. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"कागद पोचाडेत," त्या म्हणाल्या.