ताई पोचेपर्यंत केर काढायचा नाही

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहील. पिंपळवंडीच्या माझ्या मामाइतकी विमानाची माहिती अख्ख्या जुन्नर तालुक्यात कुणाला नसेल, आणि मामा आजवर विमानात एकदाही बसलेला नाही. अंतर कुठलंही विचारा, उत्तर विमानातच येणार. मागे एका पाहुण्याने घाटघरला किती वेळ लागेल एवढंच विचारलं, तर मामा म्हणे, "दीड तास धरा. तेवढ्यात मुंबईवरनं उडालेलं इमान दुबईच्या निम्म्या वाटंवर जातं." पाहुणा बिचारा म्हणाला, "राव, मला घाटघरलाच जायचंय, पोरगी बघायला."

हे वेड लागलं ते मामाची एकुलती पोरगी, आमची ताई, नोकरीला फ्रँकफर्टला गेली तेव्हापासून. मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर, नऊ तास. स्वतःच्या जमिनीचा गट नंबर मामा विसरेल, हे नाही. तरी त्याचा विमान कंपनीवर विश्वास नाही. "त्ये नऊ तास नुसते हवेतले. मुंबईपातूरचा आळेफाटा अन् माळशेज घाट कोण धरणार?"

त्यात आमच्याकडे माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केर काढत नाहीत. पुण्यापर्यंत हे ठीक होतं, दुपारी फोन यायचा, संध्याकाळी झाडू फिरायचा. फ्रँकफर्टने सगळं बिघडवलं. ताई निघाली की मामा झाडू माळ्यावर टाकायचा आणि मोबाईलच्या नकाशावर सरकणारं तिचं छोटं विमान बघत ओसरीवर बसायचा. कांद्याची टरफलं घरभर पायात. मामी करवादायची, "अवो, पोरगी ढगात अन् मी उकिरड्यात."

"दम धर. आता काळ्या समुद्रावर हाय."

"समुद्र ऱ्हाऊ द्या, जेवली का ते दिसतंय का त्यात?"

मामी गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला ताई आली, आता माझ्याकडे चला म्हणून मामाच्या लई मागे लागली, खिडकीची सीट घेते म्हणाली. मामा म्हणे, "मला सगळं म्हाईत हाय, बघून काय करू." परवा ती एकटीच गेली. काल तिचा फोन आला, पोचले म्हणून. मामा नुसतं "बरं, बरं" म्हणाला.

आज मी डबा घेऊन गेले तर केर तसाच. ओसरीवर ताईच्या बॅगेच्या चाकांची मातीची रेघ, उंबऱ्यापाशी तिने सांडलेले चुरमुरे, त्यांना मुंग्या. विसरला असेल म्हणून मी माळ्यावरून झाडू काढला.

"ऱ्हाऊ दे बाय."

"मामा, ताई कालच पोचली की. तुझ्याशीच बोलली."

"बोलली. झाडलं की पोचली. न्हाई झाडलं तर अजून वाटंतच हाय. वाटंतलं माणूस कधीमधी मागं फिरतं."

मी झाडू परत ठेवला आणि चुरमुऱ्यांना वळसा घालून ताट वाढलं. निघताना म्हटलं, गाडीवर मंचरला घरी जायला तासभर लागेल. तेवढ्यात विमान कुठवर जातं, हे मामाने पहिल्यांदाच सांगितलं नाही. "पोचली की फोन कर," एवढंच म्हणाला.

पोचलेय मी. फोन हातात धरून हे लिहितेय, आणि तो लावायचा धीर होत नाहीये. तुमचं झालंय का हो कधी असं, की नुसतं "पोचले" म्हणायलासुद्धा जड गेलं?