विरोधातलं मत

वेस्ट टार्बेल या डोंगरातल्या छोट्या गावात आर्डिथ पेल्कीला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि तिने एकदा तरी झापलं नाही असाही नव्हता. एकतीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. ज्यांना स्वतःची पोरं झाली आहेत, त्यांनाही ती रस्त्यात थांबवून विचारायची, "काय रे, टोपी कुठेय तुझी?"

गावाच्या बजेट समितीवरही तीच. त्यामुळे डिसेंबरात घरपट्टीचं बिल आलं, की लोक ते नाचवत तिच्याकडेच यायचे. "आर्डिथ, हा काय दरोडा?"

"दरोडा कसला? अडतीस पोरांच्या शाळेला वर्षाला नऊ लाख डॉलर लागतात. सरकार देतं ते वजा करूनच सांगतेय. उरलेले सगळ्या घरांवर वाटायचे, ज्याच्या त्याच्या घराच्या किमतीप्रमाणे. घर मोठं बांधलंस, तर वाटाही मोठा. आकाशातून कोण टाकणार आहे?"

माणूस कुरकुरत का होईना, भरायचा. ऑरिन थेअर मात्र कुरकुरून थांबणारा नव्हता. मार्चमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत गावाची सभा भरे आणि तिथे बजेटवर हात वर करून मतदान होई. त्या सभेत हा गडी सव्वीस वर्षं उभा राहून एकच बोलायचा : "माझी पोरं शिकून गेली, मी का भरू? एक तृतीयांश कापा." दरवर्षी सपाटून हरायचा, मग निवांत बसून बीन्सचं सूप प्यायचा.

यंदा मात्र वारं फिरलं होतं. बिलं वाढली होती, लोक चिडले होते. तीन लाख कापले तर शाळा बंद होणार, आणि सहा-सात वर्षांची चिमुरडी डोंगरापलीकडच्या शाळेसाठी रोज बसने दीड तास जाणार, दीड तास येणार. बर्फात तो घाट कसा असतो, हे आर्डिथइतकं कुणाला ठाऊक? त्या विचारानं तिला आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं.

अशात ऑरिन गोठ्यात घसरला आणि पाय मोडून घरी बसला. मुलगी दूर टेक्ससला, त्याला कुठे न्यायला-आणायला कुणी नाही. सभेत हजर असेल त्यालाच मत, असा तिथला कायदा. शाळेची स्वयंपाकीण विल्डा तर खूशच झाली. "देव आहे गं बाई! एक मत कमी झालं."

सभेच्या सकाळी आर्डिथ आपली पिकअप घेऊन ऑरिनच्या दारात हजर.

"वाट चुकलीस काय?" तो खिडकीतून ओरडला.

"कोट घाल. सभेला जायचंय."

"मी तुझ्या विरोधात हात वर करणार, ठाऊक आहे ना?"

"सव्वीस वर्षं ठाऊक आहे. चल, उशीर होतोय."

त्याला उचलून बसवताना तिच्या कंबरेत उसण भरली. वाटेत तळं लागलं. काठावरचे बोस्टनच्या श्रीमंतांचे उन्हाळी बंगले कुलूपबंद होते. ऑरिनला त्या बोस्टनवाल्यांचा भारी राग. आर्डिथने गाडी हळू केली.

"नऊ लाखांतले चार लाख हे बंगले भरतात. यांचं एक पोर आपल्या शाळेत नाही, आणि इथले रहिवासी नाहीत म्हणून सभेत यांना मतही नाही. तू तीन लाख कापलेस, तर सव्वा लाखाच्या वर यांच्या खिशात परत जाणार."

"आणि मला?"

"सातशे."

"सातशे म्हणजे काही कमी नाहीत," तो फणकारला, पण बंगले दिसेनासे होईपर्यंत मान वळवून बघत राहिला.

दारात मतदारांची हिरवी कार्डं वाटली जात होती. विल्डाने ऑरिनला पाहिलं आणि तिचं तोंडच पडलं. "अगं, कुऱ्हाड स्वतःच्या हातानं आणलीस?"

"मत त्याचं आहे विल्डा. आपल्या बाजूचे तेवढेच आणायचे, तर मग सभा कशाला भरवायची?" आर्डिथ म्हणाली आणि तिने ऑरिनसाठी खुर्ची ओढली.

ऑरिनने सवयीप्रमाणे भाषण ठोकलं. कार्डं वर गेली, दोनदा मोजली. कपातीच्या बाजूने अठ्ठावन्न, विरुद्ध सत्तावन्न.

कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. सूप वाढणाऱ्या सहावीच्या मुली पळी हातात धरून तशाच उभ्या. विल्डाने आर्डिथकडे असं पाहिलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका मताने! आणि ते मत तिने स्वतः आपल्या पिकअपमधून वाहून आणलेलं. तरी ती जागची हलली नाही.

"सभापती," मागून आवाज आला. ऑरिन कुबड्यांवर उभा होता, चेहरा पांढराफटक. "हे... परत कसं फिरवायचं?"

"जिंकलेल्या बाजूच्या कुणीतरी फेरमताची मागणी करावी लागते."

"मग मी करतो. सव्वीस वर्षं बोलतोय, हे मंजूर होईल असं कुणी सांगितलं होतं मला?" हशा पिकला. तो मात्र हसला नाही. "तुम्ही सगळे हो म्हणायचात, म्हणून मी नाही म्हणायचो. शाळा बंद पडावी असं नव्हतं माझ्या मनात. आणि त्या तळ्यावरच्यांना सव्वा लाख? माझ्या हातानं? छट्!"

पुन्हा कार्डं वर गेली. या खेपेला कपातीला बावन्न, विरुद्ध त्रेसष्ट. विरोधातलं पहिलं कार्ड ऑरिनचं होतं.

आर्डिथला आता आवरेना. ती बाहीने डोळे पुसत राहिली. ऑरिन खुरडत तिच्याजवळ आला.

"रडतेस काय? पुढच्या वर्षी मी पुन्हा विरोधात बोलणार आहे."

"बोल की रे, मेल्या," ती म्हणाली. "मी न्यायला येईन."